न केलेल्या ओव्हरस्पीडिंगचं चलान आलंय, भरून टाकायचं की भांडायचं?

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय, कायद्यातलं कोणी असेल तर फारच बरं होईल. आमची वॅगनआर बाबांच्या नावावर आहे. मागच्या महिन्यात ते आणि आई सांगलीहून पुण्याला मावशीकडे गेले होते, गाडी बाबाच चालवत होते, आणि परवा त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला की ओव्हरस्पीडिंगचं चलान आहे, दंड दोन हजार. लिमिट ९० आणि वेग १२१ लिहिलाय.

ज्यांनी बाबांना गाडी चालवताना बघितलंय त्यांना हे वाचूनच खोटं वाटेल. निवृत्त शिक्षक आहेत, हायवेवर ७५-८० च्या पुढे काटा जात नाही, डावी लेन सोडत नाहीत, आम्ही मुलं मागे बसून कुरकुर करतो इतकी सावकाश गाडी. आईसुद्धा शप्पथेवर सांगते की त्या दिवशी वाटेत कुठेही गाडी पळवली नाही, तिला कंबरेचा त्रास आहे म्हणून उलट जास्तच हळू होते.

चलानचा फोटो मोठा करून बघितला तर त्यात दोन गाड्या आहेत. डाव्या लेनमध्ये आमची, आणि उजव्या लेनमध्ये एक पांढरी मोठी एसयूव्ही जी आम्हाला ओव्हरटेक करतेय, तिची नंबर प्लेट उन्हाने चमकून पूर्ण पांढरी झालीये, काहीच वाचता येत नाही. आमची प्लेट मात्र स्वच्छ दिसते. म्हणजे वेग तिचा आणि नंबर आमचा असं सरळ सरळ वाटतंय.

भाऊ म्हणतो भरून टाक, दोन हजारासाठी कुठे फेऱ्या मारणार. त्यात गाडी विकायची बोलणी चालू आहेत आणि आरटीओतला एजंट म्हणतोय पेंडिंग चलान असेल तर ट्रान्सफर अडेल. पण बाबांना हे फार लागलंय. ते म्हणतात पैसे भरले म्हणजे मी बेदरकार गाडी चालवली हे कबूल केल्यासारखंच झालं ना. जेवताना पण तोच विषय. मला त्यांच्या बाजूने उभं राहायचंय पण नेमकं काय करायचं ते कळत नाहीये. कोणी असं चलान रद्द करून घेतलंय का?

घाटरस्ता

आधी एक खात्री करा ताई, मेसेजमधल्या लिंकवरून गेलात की स्वतः साइट उघडलीत? हल्ली आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवतात, ती इन्स्टॉल केली की बँक खातं साफ. खरी साइट महाट्रॅफिकईचलान आणि शेवटी जीओव्ही डॉट इन. तिथे गाडी नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. तिथे दिसत असेल तरच पुढचं.

कृष्णाकाठची_लेक

हो, खऱ्या साइटवरच बघितलंय, फोटो पण तिथूनच डाउनलोड केला. खरंच आहे ते.

व्यवहारी_अण्णा

माझं मत भावाच्या बाजूने. बाबा बरोबर असतील, मला शंका नाही, पण वेळ आणि मनस्ताप याची पण किंमत असते. अर्ज करणार, तो पडून राहणार, गाडीचं गिऱ्हाईक तेवढ्यात दुसरी गाडी बघणार. गाडी विकताना दोन हजारासाठी दहा-वीस हजाराचा सौदा हलू शकतो. भरा, पावती घ्या आणि बाबांना सांगा की हा व्यवहार आहे, चारित्र्याचा दाखला नाही. आमच्या घरी पण वडील असेच हळवे होते म्हणून मनापासून सांगतोय, लवकर संपवलेलं बरं असतं.

काळाकोट

अण्णांचा हेतू चांगला आहे पण मी उलट सांगेन. ताई, निदान अर्ज करेपर्यंत तरी पैसे भरू नका. ऑनलाइन जे भरतो त्याला तडजोड शुल्क म्हणतात, मोटार वाहन कायद्याचं कलम २००. ते भरलं की प्रकरण मिटलं, नंतर "चूक माझी नव्हती" म्हणायला जागाच राहत नाही आणि भरलेले पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य. तेव्हा बाबा जे म्हणतायत ते भावनेचं बोलणं नाही, बऱ्यापैकी बरोबर आहे.

आता तुमच्या बाजूने काय आहे ते बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला, तो खास कॅमेरा, स्पीड गन वगैरे यंत्रांवरून होणाऱ्या चलानसाठीच आहे. त्यात म्हटलंय की यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवं, जिथे यंत्राने पाळत ठेवली जाते त्या पट्ट्याच्या आधी ठळक फलक हवा, आणि नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत पाठवायला हवी. नोटिशीत काय काय असायला हवं तेही दिलंय, नंबर प्लेट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख वेळ ठिकाण, कुठलं कलम मोडलं ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, जे आधी पुरावा कायद्याच्या ६५ ब खाली असायचं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं. मूळ रेकॉर्ड प्रकरण पूर्ण संपेपर्यंत जपून ठेवणंही बंधनकारक आहे. म्हणजे फक्त "फोटो आहे ना" म्हणून विषय संपत नाही, तो फोटो कशाचा आहे हे त्यांनी दाखवायला हवं.

तुम्ही मागच्या महिन्यातली ट्रिप म्हणताय आणि मेसेज परवा आला, तर चलान कुठल्या तारखेला तयार झालं ते नीट बघा. मेसेज उशिरा येणं आणि चलान उशिरा निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुना मोबाईल नंबर आरसीला जोडलेला असला तर मेसेज दुसरीकडेच जातो आणि आपल्याला भलत्या वेळी कळतं.

एक सावधगिरीही सांगते. १५ दिवस उलटून गेले एवढ्या एकाच मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तुमचा खरा मुद्दा फोटोतल्या दोन गाड्या हाच आहे, तोच पुढे ठेवा.

थिओडोलाइट

मोजणीच्या यंत्रांवर आयुष्य गेलंय, स्पीड गनवर थेट नाही पण लेझरने अंतर मोजायची यंत्रं रोज हाताळली, तत्त्व तेच. म्हणून फोटोबद्दल थोडं.

हायवेवर वेग मोजायला पोलिसांची इंटरसेप्टर गाडी उभी असते, तिच्यात बहुतेक लेझर गन असते. ती लेझरचे शेकडो ठोके पाठवते, प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, आणि ते अंतर किती झपाट्याने बदललं त्यावरून वेग, हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. लोकांना वाटतं कोनामुळे वेग जास्त दिसतो, ते खरं नाही. यंत्र रस्त्याच्या कडेला कोनात उभं असेल तर आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो, चालकाच्या फायद्याचा. तेव्हा अर्जात कोनाबिनाचं काही लिहू नका, समोरचा जाणकार असेल तर तिथेच तुमचा अर्ज हलका पडेल.

खरी गोम नेम कुठे धरला यात असते. लेझरचा झोत जसा लांब जातो तसा पसरतो, साधारण ३०० मीटरवर तो एक मीटरभर रुंद होतो, ६०० वर दोन मीटर. म्हणजे जवळच्या अंतरावर तो एकाच गाडीवर बसतो, शेजारच्या लेनमधली गाडी त्यात आपोआप येत नाही. रडारची गोष्ट वेगळी, त्याचा झोत खूप पसरट असतो आणि त्यात जवळची मोठी किंवा जास्त वेगाची गाडी भाव खाऊन जाते. दुसरी चूक अशी होते की मोजताना हात सरकला आणि झोत गाडीच्या अंगावरून मागून पुढे घसरला तर तेवढी लांबी गाडीच्या वेगात मिसळते.

तर ताई, फोटोवर बारीक अक्षरात अंतर लिहिलेलं असतं आणि फुलीसारखी किंवा चौकोनी खूण असते जिथे नेम धरलेला होता. अंतर किती आहे आणि खूण कोणत्या गाडीवर आहे ते सांगाल का? सगळं त्यावर आहे.

कृष्णाकाठची_लेक

दादा तुम्ही म्हणालात म्हणून लॅपटॉपवर मोठा करून बघितला. अंतर ४१२ मीटर लिहिलंय. आणि लाल फुली आहे, ती एसयूव्हीच्या बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर आहे!! आमच्या गाडीवर नाहीच. मी इतके वेळा फोटो बघितला पण त्या खुणेचा अर्थच माहीत नव्हता. बाबांना दाखवलं, ते चष्मा लावून दहा मिनिटं बघत बसले.

अजून एक, फास्टॅगचं स्टेटमेंट काढलंय. दोन टोलनाक्यांमधलं अंतर आणि वेळ धरली तर सरासरी ६० च्या आतच येते. ते जोडू का?

थिओडोलाइट

मग तर स्पष्टच आहे. ४१२ मीटरवर झोत सव्वा मीटरच्या आसपास, लेन साडेतीन मीटरची, त्यामुळे फुली जर एसयूव्हीवर असेल तर वेगही तिचाच. १२१ हा आकडा यंत्राने बहुधा बरोबरच मोजलाय, नंतर नंबर टाकताना जो वाचता आला तो टाकला गेला असणार. म्हणून अर्जात "तुमचं यंत्र खोटं" असं म्हणू नका, "मोजलेली गाडी दुसरी, नंबर आमचा" असं म्हणा. हे मान्य करणं त्यांनाही सोपं जातं.

फास्टॅग जोडा पण त्यावर जोर देऊ नका. सरासरी ६० असली तरी मध्ये कुठेतरी दोन मिनिटं १२१ ने गाडी गेलीच नाही हे त्यातून सिद्ध होत नाही, मध्ये चहाला थांबलात तरी सरासरी खाली येतेच.

टूरवाला_४१५

मी टुरिस्ट गाडी चालवतो, सातारा मुंबई पुणे रोजचं. ताई तुम्ही लढा, आमच्यासारख्यांसाठी पण लढा. आमच्याकडे दोन हजार म्हणजे डिझेल सोडून एक-दीड दिवसाची कमाई असते आणि मालकाची गाडी असेल तर चलान ड्रायव्हरच्या पगारातून कापतात, खरं का खोटं कोण विचारत नाही. अर्ज करायला सुट्टी कोण देतंय, म्हणून सगळे गप भरतात.

अजून एक सांगतो, कारण बरेच लोक इथे वाचतील. एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून नवीन सिस्टीम आहे, तिथे एका जागचाच वेग नाही, दोन कॅमेऱ्यांच्या मधला सरासरी वेगपण धरतात. म्हणजे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढं परत पळवली असं तिथं चालत नाही, दहा किलोमीटर सहा मिनिटाच्या आत पार केलं की १०० च्या वर गेलात, सरळ हिशोब आहे. कारला सपाटीला १०० आणि घाटात ६० आहे, आणि घाटात उतारावर गाडी आपोआप ६५-७० ला जाते, तिथं लय जणांना बसतं. ते चलान खरंच असतं, त्यात भांडण्यात अर्थ नाही, तिसरा गिअर टाकून उतरायचं.

पण असे पण रस्ते आहेत जिथं ८० चा बोर्ड झाडाच्या फांदीमागं, पुढं पुलाजवळ अचानक ४० आणि तिथंच गन घेऊन गाडी उभी. बोर्ड दिसलाच नाही तर माणूस वेग कमी करणार कशाच्या आधारावर. हा माझा राग आहे आणि तो खराय. वेगाने माणसं मरतात, मी रस्त्यावर रोज बघतो, दंड पाहिजेच. पण तो ज्यानं केलंय त्याला पाहिजे.

काळाकोट

टूरवाले भाऊंचा बोर्डाचा मुद्दा कायद्यातही आहे. कलम ११२ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर वेगमर्यादा ठरवली तर त्याचे फलक लावणं हे सरकारचंच काम आहे, फलक कसे लावायचे ते ११६ मध्ये. त्यामुळे फलक झाकलेला असेल तर लगेच थांबता येईल अशा सुरक्षित जागी थांबून त्याचा फोटो काढून ठेवावा, ज्यावर तारीख आणि ठिकाण येईल. नंतर महिनाभराने गेलात तर फांदी छाटलेली असते.

गोदाकाठ

आमचं थोडं वेगळं झालं होतं, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. आमची स्कूटर नाशिकमध्येच असते आणि चलान आलं भलत्याच शहरातून, फोटोत आमचाच नंबर पण गाडी काळी बाईक. म्हणजे कोणीतरी आमचा नंबर लावून फिरतंय. इथे फक्त चलान रद्द करा म्हणून भागत नाही हो, उद्या त्या बाईकने कोणाला उडवलं तर पोलीस आमच्या दारात येणार. आम्ही आधी जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली, त्याची शिक्का मारलेली प्रत घेतली, आरसी आणि आमच्या स्कूटरचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि ते सगळं ऑनलाइन तक्रारीला जोडलं. वेळ लागला पण चलान रद्द झालं. आता नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावलीये, तिच्यावर लेझरने कोरलेला नंबर असतो आणि तो गाडीच्या रेकॉर्डला जोडलेला असतो, त्यामुळे खरी गाडी कोणती ते दाखवणं सोपं जातं.

व्यवहारी_अण्णा

ती फुली एसयूव्हीवर आहे हे वाचून माझं मत बदललं. असा पुरावा हातात असताना भरू नका. पण गाडीच्या व्यवहाराचं काय? आणि लोक अदालतीत अर्ध्यात मिटतं असं ऐकतो, तो मार्ग नाही का?

काळाकोट

अण्णा, लोक अदालत म्हणजे तडजोड. ज्याची चूक आहे, पण रक्कम जड जातेय त्याच्यासाठी तो चांगला मार्ग आहे. ज्याची चूकच नाही त्याने तिथे जाऊन कमी पैसे भरले तरी शेवटी भरलेच ना, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. बाबांना ते नको आहे.

गाडीच्या व्यवहाराबद्दल, घेणाऱ्याला चलानची आणि तक्रारीची दोन्हींची प्रत आत्ताच दाखवा आणि करारात एक ओळ टाका की या चलानची जबाबदारी विकणाऱ्याची राहील. लपवलं तर बिघडतं. ट्रान्सफर खरंच अडली तर तेव्हा काय करायचं ते बघू, पण अर्ज आजच जाऊ दे.

ताई, अर्ज साधा ठेवा, एका पानाच्या वर नको. मी मसुदा देते, तुमचे तपशील भरा:

"महोदय, माझ्या मालकीच्या वाहनावर (क्रमांक) दिनांक (तारीख) रोजी वेगमर्यादा उल्लंघनाचे चलान (क्रमांक) काढण्यात आले आहे. चलानसोबतच्या छायाचित्रात दोन वाहने असून वेग मोजण्याची लाल खूण उजव्या मार्गिकेतील पांढऱ्या वाहनावर आहे. माझे वाहन डाव्या मार्गिकेत असून खूण त्यावर नाही. नोंदवलेला वेग माझ्या वाहनाचा नसल्याने सदर चलान रद्द करावे. मूळ छायाचित्र व चित्रफीत तपासावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत ती जतन करावी, ही विनंती. सोबत, खूण मोठी करून दाखवलेले छायाचित्र, आरसीची प्रत, फास्टॅग विवरण."

बास. रागाचं एक वाक्यही नको. हा अर्ज चलानच्या साइटवर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रारीच्या जागी टाका, आणि ज्या जिल्ह्यातून चलान निघालंय तिथल्या वाहतूक शाखेला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पण पाठवा. ऑनलाइन तक्रार एका ओळीत बंद झाली तरी पोस्टाची पोच आपल्याकडे राहते.

बरोबर माहितीचा अधिकार पण वापरा, वेगळा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून नेमकं विचारा. त्या यंत्राच्या चालू वर्षीच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत, आणि त्या दिवशी वापरण्याआधी यंत्र तपासल्याची नोंद. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

थिओडोलाइट

ती तपासणीची नोंद जरूर मागा. लेझर गन वापरायच्या आधी ठरलेल्या अंतरावर ती मोजून बघायची असते आणि दुर्बिणीतली फुली आणि लेझर एकाच जागी पडतात का तेही बघायचं असतं. तुमच्या बाबतीत फुली एसयूव्हीवर असल्याने हा मुद्दा लागतोच असं नाही. पण उद्या त्यांनी "फुली थोडी सरकलेली होती, झोत तुमच्याच गाडीवर होता" असं म्हटलं तर मग नेम तपासल्याची नोंद दाखवा असं आपल्याला म्हणता येतं.

कृष्णाकाठची_लेक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री बाबांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून काढला, मसुद्यातला एकही शब्द बदलला नाही, फक्त शुद्धलेखन तपासलं :) ऑनलाइन तक्रार टाकली, नंबर मिळाला. स्पीड पोस्ट आज गेलं. चलान तयार झाल्याची तारीख बघितली, तीसुद्धा १५ दिवसांच्या बाहेरची आहे, ते मी शेवटी एका ओळीत लिहिलं. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बरोबर आहे.

एकच शंका राहिली. तक्रार फेटाळली आणि कोर्टाचा मेसेज आला तर बाबांना एवढ्या लांब जावं लागेल का? वय ६८ आहे.

काळाकोट

आधी व्हर्च्युअल कोर्टाचा, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टाचा, मेसेज येऊ शकतो. तिथे दोन पर्याय दिसतात, दंड भरा किंवा लढवायचंय. घाईत पहिल्यावर बोट पडू देऊ नका, दुसरा निवडायचा. मग प्रकरण ज्या हद्दीत चलान झालं तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं. हो, तारखेला तिथे कोणीतरी हजर राहावं लागतं, पण बाबांनी तिथल्या वकिलाला वकीलपत्र दिलं तर प्रत्येक तारखेला त्यांनीच जायला पाहिजे असं नाही, वय आणि अंतर सांगून हजेरीतून सूट मागता येते. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त होऊ शकते हे आधीच सांगून ठेवते, तेव्हा तो निर्णय बाबांचा. फक्त समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका, तारीख चुकली की साधं प्रकरण किचकट होतं.

तुमच्या फोटोत जे आहे ते बघता हे कोर्टापर्यंत जाऊ नये असं मला वाटतं. तक्रारीचं उत्तर आलं की इथे टाका, भाषा बघून पुढचं सांगते. आणि तो मूळ फोटो आत्ताच पेनड्राइव्हवर वेगळा ठेवा, साइटवरून कधीकधी दिसेनासा होतो.